मित्राच्या पाठीमागे कोण?

पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा लातूरमध्ये क्लासच्या भागात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरायचे, एक खुर्ची आपली करून घ्यायची आणि सकाळपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून बसायचे. अशा ठिकाणी रोज येणारा एखादा मुलगा चार दिवस फिरकला नाही, मेसचा डबा न उघडताच परत जाऊ लागला, चहाला हाक मारली की ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणू लागला, तर ते सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येते? गावाकडच्या आईवडिलांना फोनवर ‘सगळं बरं आहे’ एवढेच ऐकू येते. मुलगा ताकास तूर लागू देत नाही. क्लासच्या सरांसमोर शे-दोनशे मुले असतात. लक्षात येते ते शेजारच्या खुर्चीवरच्याला. मात्र पुढे काय करायचे, हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

या शेजाऱ्याला तयार करावे, असा एक विचार गेल्या काही दशकांत जगभर रुजला आहे. तरुणांच्या भावनिक स्वास्थ्याचे काम तरुणांनीच पुढे न्यायचे. समवयस्क मुलामुलींनी ऐकायचे, आधार द्यायचा, गटात विषय काढायचा, गरज पडली तर योग्य माणसापर्यंत पोचवायचे. कल्पना साधी आहे, खर्च कमी आहे, म्हणून सरकारांना आणि संस्थांना ती भावते. तिच्यातून खरोखर काय साधते, ती कुठे फसते आणि आपल्याकडे तिचे काय झाले, हे तपासायला आता पुरेसा अनुभव आणि बरेचसे संशोधन हाताशी आहे.

दरी कुठली?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सातांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्येचा क्रमांक जगभरात तिसरा लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता.

यावर पहिले उत्तर सुचते ते डॉक्टर वाढवण्याचे. ते बरोबरच आहे, कारण भारतात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. हे प्रमाण ०.७५च्या आसपास सांगितले जाते. पण डॉक्टर वाढले तरी मुले त्यांच्याकडे जातील का? युनिसेफने २०२१मध्ये २१ देशांतल्या तरुणांना विचारले होते की, मानसिक त्रास असेल तर दुसऱ्याची मदत घेणे चांगले, असे वाटते का? सरासरी ८३ टक्के तरुण ‘हो’ म्हणाले. भारतातल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांत हे प्रमाण निघाले ४१ टक्के. म्हणजे दवाखाना दूर आहे ही एक दरी झाली. मदत मागण्यात कमीपणा वाटतो, ही त्याच्याही आधीची दरी आहे. ती बुजवण्यात मित्राचा उपयोग होतो, असे या पद्धतीचे म्हणणे.

विचार जुनाच

चॅड वराह हे इंग्लंडमधले धर्मगुरू. १९३५मध्ये नव्याने काम सुरू केले, तेव्हा त्यांच्यावर पहिलाच अंत्यविधी आला तो १४ वर्षांच्या एका मुलीचा. पाळी सुरू झाल्यावर आपल्याला काही घाणेरडा रोग जडला अशी तिची समजूत झाली होती आणि विचारायला कुणी नव्हते. पुढे १९५३मध्ये त्यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये ‘समॅरिटन्स’ सुरू केले. भेटीसाठी थांबलेल्या लोकांना चहा देण्यासाठी, चार शब्द बोलण्यासाठी त्यांनी स्वयंसेवक बसवले. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले की, बरेच जण या स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होऊन निघून जातात. त्यांना वराहांची गरजच उरत नाही. ऐकून घेणे हे तज्ज्ञाचेच काम नाही, हा धडा तिथून मिळाला.

आपल्याकडे हा धडा मुक्तांगणने वेगळ्या वाटेने शिकवला. १९८६मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर आलेले मित्रच पुढे नव्याने आलेल्यांचे समुपदेशक झाले. ‘मीही या खाटेवर झोपलो होतो’ या वाक्याला जे वजन आहे, ते कुठल्याही पदवीला नाही. साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेने आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ‘मानसमित्र’ घडवण्याचे काम हाती घेतले. जखमेवर जसे प्रथमोपचार करतो तसे मनाचे प्रथमोपचार करायला साध्या माणसांना शिकवायचे, ही त्यामागची कल्पना. नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात विस्तारलेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच लोकांना ‘चॅम्पियन’ आणि ‘मित्र’ म्हणून तयार करण्यात आले.

ही सारी उदाहरणे प्रामुख्याने मोठ्या माणसांची आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला हेच काम सांगताना एक मोठा फरक पडतो. व्यसनमुक्त झालेला समुपदेशक काठावर येऊन हात देत असतो. शाळेतला मित्र मात्र अजून त्याच पाण्यात असतो. त्याचीही दहावी त्याच वर्षी, घरातली भांडणे तशीच, मनातला गोंधळही तोच. म्हणून तो जवळचा वाटतो आणि म्हणूनच त्याला जपावेही लागते.

सोबतीचा जोर

किशोरवयात मित्रांचे वजन किती असते, हे पालकांना सांगायला नको. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ते २००५मध्ये प्रयोगातून दाखवले. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ त्यांनी किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना दिला. कधी एकटे बसवून, कधी मित्रांसमोर. प्रौढांच्या खेळण्यात सोबतीने फारसा फरक पडला नाही. किशोर मात्र मित्र बघत असताना कितीतरी अधिक धोका पत्करत होते. ‘संगतीने बिघडला’ असे आपण म्हणतो, त्यामागची यंत्रणा ती हीच. पण हाच जोर दुसऱ्या दिशेनेही लावता येतो. वर्गातल्या चार मुलांनी ‘मी मॅडमशी बोललो, बरं वाटलं’ असे सहज म्हटले, तर ते पोस्टरच्या भिंतीहून अधिक काम करते.

चाचण्यांची साक्ष

घरापासून सुरुवात करू. गोव्यात १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने ‘युवा मित्र’ नावाचा प्रकल्प १६ ते २४ वयाच्या तरुणांसाठी राबवला. समवयस्कांकडून शिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि आरोग्याची माहितीपत्रके, असे त्याचे तीन धागे होते. एका ग्रामीण आणि एका शहरी भागात काम केले आणि तशाच दुसऱ्या भागांशी तुलना केली. ग्रामीण भागात हिंसा आणि नैराश्याची लक्षणे, तर शहरी भागात व्यसने आणि आत्महत्येकडे झुकणारे वर्तन तुलनेने कमी आढळले. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. मात्र आपल्या मातीत हे काम उभे राहू शकते, एवढे त्यातून दिसले.

अमेरिकेतला ‘सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ’ हा कार्यक्रम या क्षेत्रात नेहमी पुढे केला जातो. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत १८ माध्यमिक शाळा होत्या. ४५३ विद्यार्थी ‘समवयस्क नेते’ म्हणून निवडले होते. हे नेते फक्त हुशार किंवा शिस्तीतल्या मुलांतून निवडलेले नव्हते; शाळेतल्या वेगवेगळ्या टोळक्यांतून आले होते. त्यांनी उपदेश करायचा नव्हता. आपल्याला अडचणीत कुणाचा आधार मिळाला, कोणत्या मोठ्या माणसावर विश्वास टाकता येतो, हे गप्पांतून पसरवायचे होते. काही महिन्यांतच मोठ्या शाळांमधल्या प्रशिक्षित नेत्यांनी आत्महत्येचा विचार करणाऱ्या मित्राला मोठ्या माणसाकडे घेऊन जाण्याची शक्यता प्रशिक्षण न मिळालेल्या नेत्यांच्या चौपट दिसली. आणि साऱ्या शाळेतच ‘इथली मोठी माणसे मदत करतील’ हा विश्वास वाढला. या कार्यक्रमाने मुलांना मोठ्यांपासून सोडवले नाही, त्यांच्याकडे जाणारी वाट मोकळी केली.

युरोपातल्या दहा देशांतल्या १६८ शाळांमध्ये ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेली ‘सेल’ ही चाचणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन उपाय एकमेकांसमोर ठेवले होते. एका गटात शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवले. दुसऱ्यात तज्ज्ञांनी मुलांची छाननी केली. तिसऱ्यात मुलांनी आपापसांत प्रसंगनाट्ये केली, ताण, भांडण, निराशा यांवर चर्चा केली. एकूण जेमतेम पाच तास. वर्षभरानंतर स्पष्ट फरक दिसला तो या तिसऱ्याच गटात. आत्महत्येचा नव्याने प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या गटात १.५१ टक्के, तर इथे ०.७० टक्के होते. हा कार्यक्रम मुलांनी चालवलेला नव्हता, प्रशिक्षित मोठी व्यक्ती सत्र घेत होती. पण बोलणारे, नाटक रचणारे, तोडगा शोधणारे विद्यार्थीच होते.

केनियातला ‘शमिरी’ कार्यक्रम आणखी एक पाऊल पुढे गेला. शाळा नुकतीच संपवलेल्या तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांनीच शाळकरी मुलांच्या लहान गटांत चार आठवडे सत्रे घ्यायची. विषयांत आजाराचे नावही नाही: माणूस बदलू शकतो, कृतज्ञता कशी व्यक्त करावी, आपल्याला महत्त्वाचे काय वाटते. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४१३ विद्यार्थी होते. अभ्यासाची कौशल्ये शिकणाऱ्या गटाशी तुलना करता या मुलांमधली नैराश्य आणि चिंता यांची लक्षणे अधिक घटली आणि काही महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. इथला समवयस्क वर्गमित्र नव्हता. दोन-चार वर्षांनी मोठा होता. आपल्याकडे ज्याला ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणतो, तो. हे अंतर फार उपयोगाचे दिसते. तो परीक्षेच्या त्या पाण्यातून नुकताच बाहेर आलेला असतो, पण पाण्याची खोली विसरलेला नसतो.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘संगाथ’नेच केलेला ‘सेहर’ प्रयोग शाळांविषयी एक अवघड सत्य सांगतो. ७४ सरकारी शाळा होत्या. एका गटात बाहेरून नेमलेला, साधे प्रशिक्षण घेतलेला ‘सेहर मित्र’ काम करत होता. दुसऱ्यात तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे दिले होते. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, विद्यार्थ्यांचे गट, स्पर्धा, एकेकट्याशी बोलणे, असा सारा आराखडा दोघांचा एकच. २०१८मध्ये निष्कर्ष आले. ‘मित्रा’च्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक दिसला नाही. शिक्षक वाईट होते असे नाही. गुणपत्रिकेवर सही करणाऱ्या हातात मन उघडे करून ठेवणे मुलांना जड जाते आणि शिक्षकावर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे असतात.

कोळसा उगाळावा तितका

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘बोलल्याने मन हलके होते’ हे आपण गृहीत धरतो. मिसुरी विद्यापीठाच्या अमांडा रोझ यांनी मैत्रीतल्या एका सवयीचा अभ्यास केला: दोघींनी बसून तीच अडचण पुन्हा पुन्हा चघळायची, त्याने असे का केले असेल, आता काय होईल, यातच फिरत राहायचे. २००७च्या त्यांच्या अभ्यासात मुलींच्या बाबतीत या सवयीने मैत्री घट्ट झाली, आणि त्याच वेळी नैराश्य व चिंताही वाढली. आपल्या आज्यांनी हे एका म्हणीत सांगून ठेवले आहे: कोळसा उगाळावा तितका काळाच. तेव्हा मित्राला नुसते ‘ऐक’ म्हणून भागत नाही. किती वेळ ऐकायचे आणि ‘बरं, आता उद्या सकाळी आपण काय करू?’ याकडे कधी वळायचे, हेही शिकवावे लागते.

दुसरा धोका गटांचा. टॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवून दिले की, वर्तनाच्या समस्या असलेल्या किशोरांना उपचारासाठी एकत्र आणले, तर काही वेळा ती मुले एकमेकांना बिघडवतात. गटात कोण आहे आणि त्याला दिशा कोण देते, यावर सारे ठरते.

तिसरा प्रश्न असा की, सगळ्यांना सरसकट भावनांचे धडे देऊन भले होतेच का? ब्रिटनमध्ये ८५ शाळांत राबवलेल्या सजगता-प्रशिक्षणाचे (माइंडफुलनेस) निकाल २०२२मध्ये आले, तेव्हा नेहमीच्या तासांहून त्यात काही अधिक फायदा दिसला नाही. तिथले काही संशोधक आता विचारतात की, मानसिक आजारांविषयी सतत बोलून आपण साध्या दुःखालाही आजाराचे नाव देऊ लागलो नाही ना? आपल्या कॉलेजांतही ‘टेन्शन’ची जागा ‘अँझायटी’ने आणि ‘मूड ऑफ’ची जागा ‘डिप्रेशन’ने घेतलेली ऐकू येते. शब्द मिळाला की बोलता येते, हे खरे. पण पेपर अवघड गेल्याचे दुःख आणि महिनाभर अंथरुणातून उठवत नाही ती अवस्था यांतला फरक मित्राला कळला पाहिजे.

चौथा मुद्दा मदत करणाऱ्याचा. शाळांमधल्या अशा कार्यक्रमांचा ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१मध्ये एकत्रित आढावा घेतला. मदत करणाऱ्या मुलांना होणारा फायदा, म्हणजे आत्मविश्वास, आत्मसन्मान, याचा पुरावा मदत घेणाऱ्यांच्या फायद्यापेक्षा अधिक होता. मात्र एका अभ्यासात मदत करणाऱ्यांमध्येच अपराधीपणाची भावना वाढलेली आढळली. मध्यरात्री आलेल्या मेसेजला आपण उत्तर दिले नाही आणि काही बरेवाईट झाले तर, हा विचार सतरा वर्षांच्या मुलीने एकटीने वागवायचा नसतो.

कागदावरचा साथिया

आपल्याकडे सरकारी पातळीवर ही कल्पना नवी नाही. ७ जानेवारी २०१४ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, १० ते १९ वयोगटासाठी. पोषणापासून व्यसनांपर्यंतच्या त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्यही आहे. एक हजार लोकसंख्येमागे दोन मुली आणि दोन मुलगे ‘समवयस्क शिक्षक’ म्हणून निवडायचे. त्यांना नाव दिले ‘साथिया’. त्यांनी पंधरा-वीस मुलांचे गट करायचे, आशाताईंनी मदत करायची आणि गरज पडली तर किशोरांसाठीच्या क्लिनिककडे पाठवायचे. महाराष्ट्रात या क्लिनिकला ‘मैत्री’ हे सुरेख नाव मिळाले आहे. २०२०मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ नेमायचे ठरले. ऑक्टोबर २०२२मध्ये १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा आली.

आराखडा नीटनेटका आहे. अडचण सांध्यांमध्ये आहे. साथियाला मिळणारा मोबदला पैशांत नाही. महिन्याला ५० रुपयांच्या आसपासची भेट, रिचार्ज किंवा तसे काही. साथिया दोन वर्षांत बारावी होतो आणि गाव सोडतो. मुलगी असेल तर कधीकधी लग्न होऊन जाते. प्रशिक्षण त्याच्याबरोबर जाते. आशाताईंकडे लसीकरण, बाळंतपणे, सर्वेक्षणे असताना मुलांच्या गटाकडे बघायला उसंत नसते. आणि मासिक पाळी किंवा तंबाखू यांवर बोलता बोलता ‘मन’ हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो, कारण तो मोजता येत नाही.

रॉजर हार्ट यांनी १९९२मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली. तिच्या खालच्या पायऱ्या म्हणजे मुलांचा वापर, सजावट आणि नावापुरता सहभाग. वरच्या पायऱ्यांवर मुलेच सुरुवात करतात आणि मोठ्यांबरोबर निर्णय घेतात. आपले बहुतेक उपक्रम सजावटीच्या पायरीवर थांबतात: मानसिक आरोग्य दिनाला रांगोळी, पथनाट्य, घोषवाक्य स्पर्धा, पाहुण्यांचे भाषण. पथनाट्य वाईट नाही. पण त्याचा विषय, शब्द आणि शेवट मुलांनी ठरवला का, हे विचारायला हवे. २०१७मध्ये ‘संगाथ’ने ‘इट्स ओके टू टॉक’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा तरुणांनी स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडले; त्या अनुभवांतून पुढचे काम ठरत गेले. वरची पायरी दिसते ती अशी.

मित्राला काय लागते

एवढ्या साऱ्या अनुभवातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. मित्राचे काम लहान ठेवले की ते चालते. ओळखणे, ऐकणे, पोचवणे, इतकेच. तो समुपदेशक नाही, पहारेकरी नाही, स्वस्तातला मानसशास्त्रज्ञ तर मुळीच नाही. हे काम लहान राहावे यासाठी त्याच्या पाठीमागे बरेच काही उभे असावे लागते.

पहिले म्हणजे नाव आणि वेळ ठरलेले एक मोठे माणूस. ‘काही वाटलं तर सांगा’ असे नव्हे. दर आठवड्याला अमुक वारी, अमुक खोलीत, मदत करणाऱ्या मुलांशीच बोलणारे कुणीतरी. दुसरे म्हणजे गुप्ततेची स्पष्ट सीमा. ‘कुणाला सांगू नको’ या शपथेला कुठे अपवाद असतो, हे मुलांना आधीच सांगितले पाहिजे. जिवाला धोका असेल तर शपथ मोडायची, मैत्री तुटली तरी चालेल. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पोक्सो कायद्यानुसार ती कळवणे मोठ्यांवर बंधनकारक आहे. न कळवल्याची शिक्षा कायद्याने मुलांना लागू केलेली नाही, हेही मुलांना माहीत हवे. नाहीतर भीतीने ती गप्प बसतात. तिसरे म्हणजे कायद्याची माहिती. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याचा दृष्टिकोन बदलला आहे. तरीही ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने वसतिगृहात प्रकरणे झाकली जातात. मित्राला हा बदल ठाऊक असेल, तर तो मदत लवकर मागतो.

चौथी गोष्ट निवडीची. वर्गाचा मॉनिटर आणि स्नेहसंमेलनाचा सूत्रसंचालक यांच्यापलीकडेही मुले असतात: मागच्या बाकावरचा, क्रिकेटच्या मैदानावरचा, वसतिगृहात रात्री गिटार वाजवणारा. आपण कुणाकडे मन मोकळे करतो, हे मुलांनाच विचारावे.

२५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांना आणि क्लासेसना मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यात म्हटले आहे. मित्राच्या पाठीमागची रिकामी जागा भरण्याची ही मोठी संधी आहे. पण फळ्यावर समुपदेशकाचे नाव लिहून भागणार नाही. ‘मैत्री’ क्लिनिकच्या दाराशी साथियाचा पत्ता नसेल आणि साथियाला क्लिनिकची वेळ माहीत नसेल, तर दोन्ही आपापल्या कागदावर सुरक्षित राहतात.

अभ्यासिकेतल्या त्या शेजारच्या खुर्चीकडे परत येऊ. तिथल्या मुलाने पदवी घ्यायची नाही, आजाराचे निदान करायचे नाही. चार दिवस न आलेल्याच्या खोलीवर जायचे, ‘जेवलास का?’ विचारायचे, थोडे बसायचे. उत्तर काळजीचे वाटले तर खिशातला एक क्रमांक लावायचा. मित्र एवढे करतात. अनेकदा आजही करतात, कुणी शिकवले नसले तरी. तो फोन पलीकडे कुणी उचलतो की नाही, हे मात्र मोठ्यांच्या हातात आहे.